उलटी सीट

गंगारामने आपल्या जुन्या होडीत जीपची सीट बसवली आणि निम्मं देवबाग बघायला जमलं. भंगारात निघालेल्या जीपची ती पुढची सीट. पाठ टेकायला गादी, दोन्ही बाजूंना धरायला लाकडी हात. खाली जाड फळी घालून बोल्ट थेट होडीच्या बरगड्यांत पिळलेले. शेजारचा बाळा, अंगाने दोघांएवढा, त्यात बसून गदागदा हलला. होडी डुलली, सीट काही हलली नाही.

"पण काकानू, सीट उलटी बसली मां ही!" बाळा ओरडला. "तोंड फाटी करून कोण जाता?"

किनाऱ्यावर हशा पिकला. गंगाराम मात्र पाना पुसत सुकाणूपाशी बसून राहिला.

तेवढ्यात त्याची बायको काशीबाई आली, सुनेच्या खांद्यावर भार टाकून. गेल्या वर्षी तिच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून होडीच्या उघड्या फळीवर तिचा तोलच राहत नव्हता. खाडीपलीकडे तिचं माहेर. गेल्या जत्रेला तिथल्या देवीची ओटी भरायची राहिली, याची तिला फार रुखरुख होती. आज पुन्हा जत्रा होती. ओटीचा नारळ तिने सकाळपासून कुणाच्या हातात दिला नव्हता.

सीट बघून तिचं तोंड उतरलं.

"मी येवचंय नाय. माझा माहेर फुडे आणि मी फाटी बघत बसू? ह्या काय सोंग?"

"आणि तू कलंडलंस तर माका कसा कळतला?" गंगाराम तडकला. मग सगळ्यांदेखत बोलून गेला. "तुजा तोंड माका समोर व्हया. माका भय वाटता गो."

कुणी हसलं नाही. बाळानेच पुढे होऊन काशीबाईला अलगद उचललं नि सीटवर ठेवलं. तिने लाकडी हात धरून ओढून बघितले, मग पाठ टेकली.

होडी खाडीत शिरली. काशीबाईच्या समोर गंगाराम, त्याच्यामागे लांब जाणारं तिचं घर, काठावर हात हलवणारी सून. बराच वेळ ती तिकडेच बघत होती. गंगारामला राहवेना.

"रागावलंस? थंय पोचलो काय बोल्ट सोडतंय. येताना सीट सुलटी करतंय."

"हात लावू नको!" काशीबाई एकदम म्हणाली. "लग्नात ह्याच होडीतसून इलंय. आयेन सांगलेला, फाटी वळान बघू नको. तेवापासून दर येळेक मान घट धरून येतंय."

तिने मांडीवरचा नारळ सारखा केला.

"आज येताना माहेर समोरच रवतला. वळूचा खंय आसा माका?"