प्रसादाचं दूध

डॉक्टर तांबटबाईंनी कीर्तनकार गोविंदबुवांची पोटरी दाबून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. "सूज कुठे गेली, बुवा?"

"पळाली की! ठणकाही गेला. उत्सवात कीर्तनाला उभा राहतो बघा."

"तीच तर हवी होती. तुमच्या पायातल्या रक्तवाहिन्या बुजल्यात. स्नायूत दाह पेटला की पेशी नव्या वाहिन्यांना हाक मारतात, म्हणून तर मुद्दाम सूज आणणारी ती सुई दिली. दाह विझला, हाक थांबली. ही सुई दुसऱ्यांदा लागू पडत नाही. आता पाय वाचेलच, असं नाही सांगता येत."

बुवांच्या पत्नी इंदुमतीबाईंना रडू फुटलं. "मीच हो पापीण! यांचं कण्हणं ऐकवेना. तुम्ही बजावलेलं, म्हणून सूज उतरायची गोळी हे घेईनात. मग मी ती प्रसादाच्या दुधात विरघळवली. प्रसादाला हे कधी नाही म्हणत नाहीत."

बुवांनी मान खाली घातली.

"अगं, दूध कडू लागलं होतं. पहिल्याच घोटाला कळलं मला. प्रसाद टाकू नये, असं मनाला सांगत वाटी रिकामी केली. आणि दुसऱ्या दिवशी ती मीच मागून घेतली."