हंस गेले त्या दिवशी

सकाळी खाडीत एकही हंस नव्हता.

काल संध्याकाळी दोनशे तरी होते. आता नुसतं काळं पाणी, अन् काठाला चिकटलेली पिसं. वाळलेल्या समुद्री शेवाळाने शाकारलेल्या घरांतून माणसं बाहेर आली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. भर थंडीत हंस खाडी सोडून गेले, तर त्या दिवशी समुद्र एक माणूस घेतो, हे गावात पोराटोरांनाही ठाऊक होतं.

योंगनिंग आज पहिल्यांदाच लांबच्या मासेमारीला निघाला होता.

"मागे असेच गेले, त्या दिवशी माझा नवरा गेला," शेजारच्या लुआन आजी म्हणाल्या. "पोरा, घरी बस."

"आजी, पाखरंच ती. पंख आहेत, उडणारच!"

पण घरी आई दार अडवून उभी होती. "जायचं तर मला तुडवून जा."

"शब्द दिलाय आपण," वडील म्हणाले. गुडघे गेल्यापासून, पाच वर्षं, ते होडीवर चढले नव्हते. "एक माणूस कमी पडला तर तांडेल होडी काढत नाही. सहा घरं उपाशी राहतील."

"नको काढू दे! सगळेच वाचतील."

वडील योंगनिंगकडे बघत राहिले. मग त्यांनी जाड कोट अंगात घातला. "बस तू. तांडेलाला मी सांगतो." जाता जाता त्यांनी त्याची कॉलर नीट केली. असं ते कधी करत नसत.

आईचा चेहराच उजळला. ती मोमो वळायला बसली. योंगनिंग मात्र चुलीपाशी मान खाली घालून बसला. भित्रा म्हणतील सगळे.

दुपारी वारा फिरला. खाडीच्या तोंडावरच्या सुळक्यामागे आभाळ शाईसारखं दाटून आलं. वडिलांचा पत्ता नव्हता.

लुआन आजी आत आल्या. त्यांनी वडिलांचं घड्याळ योंगनिंगच्या हातात ठेवलं. "हे माझ्यापाशी देऊन तुझ्या जागी तोच गेला रे. होडी केव्हाच सुळक्यापलीकडे गेली. म्हणाला, समुद्राला एकच माणूस हवाय ना, मग म्हातारं घेऊ दे."

आईच्या हातातला झारा खाली पडला. तिने योंगनिंगचे दोन्ही दंड धरून त्याला गदागदा हलवलं.

"पळ! कुणाची तरी होडी काढ, थांबव त्यांना! हंस आपणहून नाही गेले रे... पहाटे पेटतं गवत घेऊन मीच हाकलले!"