खाडा

सिकलसेलचं दुखणं उठलं की गोदाची हाडं तीन-तीन दिवस ठणकत आणि तिला अंथरुणातून उठवत नसे. मोहोपाड्याच्या एका कंपनीत ती ठेकेदाराकडून पॅकिंगला होती. आणखी एक खाडा झाला तर दुसरी बाई घेईन, असं मुकादमानं बजावलं होतं. तरी या खेपेला तीन खाडे झालेच. चौथ्या दिवशी ती मनात विनवण्या जुळवत कामावर गेली. मुकादमानं सहीसाठी हजेरीचं पान पुढं केलं. मागच्या तिन्ही दिवसांपुढं तिचीच सही होती. “मी आलेच नव्हते, दादा,” ती म्हणाली. “डोकं फिरलं का गं? माझ्यासमोर काम केलंस. पाणी प्यायलाबी उठली नायस. अशीच राहा, काम जाणार नाय तुझं.” शेजारी बसणारी सुरेखा मात्र तिच्याकडं बघेना. जेवणाच्या सुट्टीत ती हळूच म्हणाली, “तीन दिस तू डबा उघडला नायस. हाक मारली तरी वळली नायस. आज बोलतेस, तर जिवात जीव आला.” गोदानं घरी काही सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात एका सकाळी तिचे गुडघे पुन्हा ठणकायला लागले. आज ती कामावर जाणार नाही म्हणून आई दाराला कडी लावायला उठली. “नको लावू, आये,” गोदा म्हणाली, “कामावर जायची वेळ झाली.” “तुला उठवत नाय, मग जातंय कोण?”  गोदा भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बाहेर पडणारीचं तोंड तिला बघायचं नव्हतं.