वाशीमहून मालवणचं बुकिंग

“समुद्र खवळलाय, आज नको,” हवामान खात्याचा इशारा वाचून उज्ज्वलाने वाशीमच्या घरातून एका नवविवाहित जोडप्याला फोनवर सांगितलं. मालवणच्या केळुसकरांनी आपल्या बोटीचं बुकिंग घ्यायला तिला नुकतंच ठेवलं होतं.

केळुसकरांना हे कळलं तसे ते तिच्यावर उखडले. “वाशीमात बसून मला समुद्र शिकवू नकोस. बोलाव त्यांना, नाहीतर दुसरी मुलगी बघतो.”

घर आता तिच्याच पगारावर चालत होतं. तिने परत फोन करून जोडप्याला बोलावलं.

दुपारी बोट उलटली. टीव्हीवर केळुसकर हात जोडून सांगत होते, “मी नकोच म्हणत होतो, आमच्या ऑफिसातल्या बाईने परस्पर बुकिंग घेतलं.”

तेवढ्यात दवाखान्यातून त्या नवऱ्याचा फोन आला. “ताई, तुम्ही तिथे धक्क्यावरच असाल ना? जरा बघता का, माझ्या बायकोला बाहेर काढलं का?”