आठ माणसांची मोजणी

“आठ म्हणजे आठ. सात नाही, नऊ नाही.” मेजरसाहेबांनी पालापाचोळा लावलेली जाळी मलप्पाच्या पायांवर ओढली. “वरून विमान जाईल. त्यात माणूस नसतो, नुसता डोळा असतो, आणि तो जित्या अंगाची ऊब बघतो. आठही जण सापडले तर फौज ते विकत घेणार. एकही चुकला तर नाही. शिट्टी वाजेपर्यंत हलायचं नाही.”

“हाव साहेब,” मलप्पा म्हणाला.

हलायचं नाही, हे मलप्पाला शिकवायची गरजच नव्हती. अहमदपूरचा हा गडी बावीस वर्षं फौजेत होता. बर्फातल्या चौकीवर त्यानं एकदा अशी दडी मारली होती, की पहाऱ्यावरचा शिपाई दगड समजून त्याच्यावर बसला आणि अख्खी बिडी ओढून गेला. निदान गावात तरी तो असं सांगायचा.

आता त्याच बर्फात त्याचा पोरगा उमाशंकर होता. पलीकडं कोण आहे ते बघायला रोज चार जण दोराला बांधून पुढं चालत जात. त्यांतला पहिला उमाशंकर. हे विमान आलं की त्या चौघांना चौकीत बसून पलीकडचं दिसणार होतं.

आधीच्या दोन कंपन्यांची विमानं नापास झाली होती. ही तिसरी, आणि शेवटची. हीही नापास झाली की फाईल परत दिल्लीला. आणि फौजेची खरेदी कशी चालते हे मलप्पा जाणून होता. त्याच्या तरुणपणी मागवलेले बर्फातले बूट तो पेन्शनीत आल्यावर पोचले होते. तेही दोन्ही डाव्या पायाचे.

म्हणून माजी सैनिकांना माहूरच्या डोंगरात निजायला बोलावलंय म्हटल्यावर तो सगळ्यांत आधी निघाला.

“या वयात, असल्या थंडीत?” बायको, शिवम्मा, म्हणाली होती.

“लेकरासाठी फौज नुसतं निजायला सांगून राहिली. तेवढंबी करू नको काय?”

मेजरसाहेब गेले. अजून नीट फटफटलं नव्हतं. वीस पावलांवरच्या झुडपात त्याच्याच पलटणीतला, नायगावचा मोहियोद्दीन पडला होता.

“मलप्पा, झोपला का बे?”

“गप पड. शिट्टीपर्यंत जो आधी बोलंल, त्यानं नांदेडात जेवू घालायचं.”

“मंजूर! तुझ्यासारख्या रेडिओला तासभर तरी जमंल का?”

मलप्पा गप्प राहिला. पैज लागली होती.

थंडी लई होती. ओढ्याकाठच्या घळीतली ही जागा अशी, की तिथं दुपारशिवाय ऊन उतरत नाही. खाली दगड गार, वर वारा गार. माहूरच्या धर्मशाळेत फरशीवर झोपून त्याचा डावा खांदा रात्रीच धरला होता. आता ती कळ हातात उतरली, मग छातीत आली, मुठीसारखी आवळली. उठून बसावं असं एकदा वाटलं. पण उठला असता तर साहेबानं जागा बाद केली असती, मोजणी विस्कटली असती. त्यानं दात आवळले.

मग कळ गेली. एकदम, दिवा मालवावा तशी.

त्याला बरं वाटलं. बर्फातही असंच व्हायचं. आधी थंडी झोंबते, मग झोंबायची थांबते. बोटं बधिर झाली, पाय बधिर झाले. गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावावा म्हटलं, तर हात कुठं आहे तेच सापडेना. सापडायची घाईही नव्हती.

“मलप्पा, तुझ्या अंगावर विंचू चढून राहिला बे!” तासाभरानं मोहियोद्दीन ओरडला.

मलप्पा मनात हसला. अशा थापांना तो बधणार होता होय?

“अबे बोल की! हरलो मी, जा!”

तरी तो बोलला नाही. एक साळुंकी येऊन त्याच्या छातीवर बसली, गळ्यापर्यंत चालत आली, चोच पुसून उडाली. याला म्हणतात दडणं, मलप्पा मनाशी म्हणाला. वर आभाळ निळंशार होतं. विमान दिसत नव्हतं, ऐकूही येत नव्हतं. घारही ज्याला मुंगीएवढी दिसेल, इतक्या उंचीवर ते होतं. तो एकटक बघत राहिला. पापणी मिटावीशीही वाटली नाही.

अकराच्या सुमाराला पावलं वाजली. मेजरसाहेब आणि कंपनीची इंजिनियर दामिनी, हातात विमानाचं चित्र दाखवणारा पडदा घेऊन, मलप्पापासून हाकेच्या अंतरावर थांबली.

“सात,” दामिनी म्हणाली.

“आठ,” मेजरसाहेब म्हणाले. “मी स्वतः झोपवलेत, मॅडम.”

“सर, तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीपासून सातच येतायत. ओढ्याजवळच्या या जागेवर काहीच नाही.”

“त्याच जागेवर माझा माणूस आहे. चहा घ्या आणि सामान बांधा.”

मलप्पाच्या मनात आग उसळली. आंधळं मशीन! एवढा धडधाकट माणूस उघड्या आभाळाखाली पडलाय, तो दिसत नाही? आणि याच्या भरवशावर उमाशंकरला चौकीत बसवणार होते? बरं झालं नापास झालं. पण मग उद्या पुन्हा तोच दोर, आणि दोराच्या पुढच्या टोकाला तेच पोर. त्याला ओरडायचं होतं: अजून एक फेरी मारा, साहेब, मी हितंच हाय!

शिट्टी वाजली. झुडपांतून एकेक जण कण्हत, कंबर धरत उठला. मेजरसाहेबांनी बोटावर मोजले. सात.

“मलप्पा, ऊठ की बे,” म्हणत मोहियोद्दीन आला. हसतच त्यानं जाळी ओढली. मग गुडघ्यावर बसला. कपाळाला हात लावला, नाकापुढं बोट धरलं, आणि बराच वेळ ते तिथून काढलंच नाही.

“काय झालं?” मेजरसाहेबांनी लांबून विचारलं.

मोहियोद्दीननं तळहातानं मलप्पाच्या पापण्या मिटल्या.

“मशीन घेऊन टाका, साहेब,” तो म्हणाला. “बरोबर मोजलंय त्यानं.”