पाणमांजरांसमोरचा बाक

रविवारच्या सहलीचा बेत प्राध्यापकाने प्राणिसंग्रहालयाच्या नकाशावर पेन्सिलीने आखला होता: सकाळी मत्स्यालय, मग हत्ती, आणि दुपारी पाणमांजरांच्या तळ्यासमोरचा बाक. बाकाभोवती त्याने वर्तुळ काढले होते. पाणमांजरे पाहून मुले हसतात, म्हणून लेकीला सांगायची जागा तीच. त्याची शस्त्रक्रिया सोमवारी होती. वाचण्याची शक्यता किती, या प्रश्नावर सर्जनने आकडा सांगायचे टाळले होते, आणि संख्याशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला तेवढे पुरेसे होते.

लेकीने नकाशाकडे ढुंकूनही पाहिले नाही. "मला नाही यायचं."

"अगं, शार्क बघायचा म्हणून डोकं खात होतीस ना माझं?"

"सर्कशीला नेलंस, तेव्हा येताना आजोबा गेल्याचं सांगितलंस. बोटीत बसवलंस, तेव्हा आईचं."

"दोन उदाहरणांवरून नियम सिद्ध होत नाही, बाळा. तो योगायोग असू शकतो." त्याने वर्गातला आवाज लावला.

ती नख कुरतडत म्हणाली, "पण एक उलटं उदाहरण मिळालं, तर नियम मोडतो. तूच म्हणतोस."

"मोडतो."

"मग जाऊ या. शार्क बघू, हत्ती बघू आणि घरी येऊ. तू मला काहीच सांगायचं नाहीस."

निकाल आधी ठरवून केलेला प्रयोग त्याने आजवर कधी मान्य केला नव्हता. त्याने खोडरबर घेतला आणि बाकाभोवतीचे वर्तुळ पुसले.

"सोमवारी मावशी बॅग घेऊन का येणारे," ती म्हणाली, "तेही मी विचारणार नाही."