कोर्टाच्या बाईंचा चहा

नियम एक: ताब्याचा खटला संपेपर्यंत कोर्टाने मुलीसाठी नेमलेल्या बाईंनी आईकडे किंवा बाबांकडे चहासुद्धा घ्यायचा नाही.

म्हणून वर्तकबाईंनी काल आईचा कप नाकारला, आज बाबांचा. दोघांचेही चेहरे पडले.

नियम दोन: मुलीला कुणाकडे राहायचंय, ते तिच्याच तोंडून ऐकायचं.

बाईंनी विचारताच दहा वर्षांची शाल्मली उठली आणि स्वतः चहा करून घेऊन आली. "मी कुणाच्याच बाजूची नाही. माझा चालेल?"

नियम तीन: यासाठी नियम नाही.

बाईंनी घोट घेतला. "अगं, मीठ घातलंयस!"

"मुद्दाम. आईबाबांनाही असाच दिला होता. दोघांनी 'मस्त' म्हणत कप संपवला." शाल्मलीने त्यांच्या हातातला कप घेतला. "थांबा, साखरेचा आणते. मग तुम्हाला खरं सांगते."